मास्तरांच्या घरचे पाणी

बहात्तरच्या दुष्काळात मी नेवासे येथील एका हायस्कुलात संस्कृत शिकवीत होतो. आश्विनातल्या एका दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि सांगितले, की नदीपलीकडच्या गावात मिशनने एक परदेशी धर्मोपदेशक पाठविला आहे. त्याला रोज तासभर मराठी शिकविणारा माणूस पाहिजे, आणि इतकी सबुरी आपल्या शाळेत तुमच्याखेरीज कोणाजवळ नाही. दोघातिघांनी अगोदरच नकार दिला होता, हे मला पुढे कळले.

माझे शिक्षण पाठशाळेत झालेले. दोन वेळची संध्या, नित्यपूजा, सोवळ्यातले जेवण हे आमच्या घरी चालत आलेले होते आणि मी ते श्रद्धेने पाळीत होतो, आजही पाळतो. तरीही मी होकार दिला. देवाच्या कामासाठी आपला मुलूख सोडून जो इतक्या लांब येतो, त्याला त्या कामापुरती भाषा देणे हे मला विद्यादानाच्याच सदरातले वाटले. अटी मी दोनच घातल्या. बसायचे आसन माझे मी आणीन, आणि पिण्याचे पाणीही माझे मी आणीन. मिशनकडून उलट निरोप आला, की कशालाच हरकत नाही.

त्याप्रमाणे सकाळी पूजा आटोपली, की पाण्याने भरलेला तांब्या फडक्यात बांधून सायकलच्या मुठीला अडकवायचा आणि नदीवरच्या फरशीच्या ठेंगण्या पुलावरून पलीकडे जायचे, असा माझा क्रम सुरू झाला. प्रवरेचे पात्र तेव्हा कोरडे पडले होते. फरशीवरून दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर वाळूच दिसे.

घर गावाच्या टोकाला, तीन खणांचे, पत्र्याचे. ते मिशनचे असले, तरी सगळे त्याला मास्तरांचे घर म्हणत. मास्तर हे मिशनचे तिथले प्रचारक. साठीचे, काटक, धोतर आणि वर विटलेला कोट घालणारे. पत्नी वारलेली, मुली नांदत्या. जन्म त्याच गावच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला; आईवडिलांच्या वेळीच घर ख्रिस्ती झालेले. तीस वर्षे ते आसपासच्या गावांतून पायी हिंडत आले होते आणि टाळ-वीणा घेऊन आपल्या प्रभूचे कीर्तन करीत. त्यांचे निरूपण मी रस्त्याच्या कडेला उभा राहून एकदा ऐकले होते. मांडणी शुद्ध होती आणि गळा गोड होता.

त्यांच्या सोबतीला आलेला धर्मोपदेशक तिशीतला होता. उंच इतका, की दारातून प्रत्येक वेळी वाकून यावे लागे, आणि तो हटकून एकदा तरी विसरे. त्याचे मराठी जुन्या छापील पुस्तकांतून आलेले, त्यामुळे तो शेळीलाही ‘आपण’ म्हणे. पहिल्याच दिवशी वही उघडण्यापूर्वी तो मला म्हणाला, “गुरुजी, मी प्रारंभीच एक गोष्ट सांगू इच्छितो. मी कोकणात एक वर्ष होतो. तेथील माझ्या सोबत्याने मला दूर करावे असे पत्र लिहिले.”

“कारण?”

“एक दुकानदार त्याच्याशी उद्धटपणे बोलला. मी दुकानदाराशी भांडलो. मग माझ्या सोबत्याला त्या दुकानात जाता येईना. गावात दुसरे दुकान नव्हते.” त्याने वही जवळ ओढली. “येथे मला सहा महिने दिले आहेत. सहा महिन्यांनी मास्तर पत्र लिहितील, की मी राहावे अथवा राहू नये. त्यांनी नको म्हटले, तर मला स्वदेशी पाठवतील. मी येथे राहू इच्छितो.”

मास्तर भिंतीपाशी सुपात मिलो निवडीत बसले होते. रेशनवर आलेला तो तांबडा, ज्वारीसारखा परदेशी मिलो खड्यांनी भरलेला असे. मान वर न करता ते म्हणाले, “तिकडं जाऊन तरी काय करनार? बर्फाची भाकर मिलोपरास गोड लागत आसंल.”

साहेब हसला. गावात सगळे त्याला साहेब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. मास्तर मात्र हसले नव्हते.

पुढचे तीनचार महिने मी त्या दोघांना रोज तासभर पाहत होतो. पाठ चालू असताना मास्तर घरातच काही ना काही करीत असत, त्यामुळे मला दोघेही दिसत. साहेबाला एका हाताने भाकरी मोडता येत नसे. तो ती कागदासारखी दोन्ही हातांनी फाडी. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांसमोर मास्तर दुपारच्या सुटीत भजन म्हणत, तेव्हा साहेब शेजारी टाळ घेऊन बसे आणि त्याचा टाळ नेमका मागे पडे. मास्तर चालत भरभर आणि कोणासाठी थांबत नसत. साहेबाच्या टाचांना फोड आले, तेव्हा मास्तरांनी आपल्या जुन्या चपला त्याच्यासमोर टाकल्या. “बूट बैलाला बी घालू नये,” एवढेच ते म्हणाले. त्या चपला त्याला चार बोटे तोकड्या होत्या. तरी त्याने त्या घातल्या.

साहेब रोज अंगण झाडी. त्याचे झाडून झाले, की मास्तर तेच अंगण पुन्हा झाडीत.

“मी झाडले आहे, मास्तर.”

“तुमी झाडता, सायेब, पन धूळ नुसती जागा बदलती.”

यात कटुता होती असे मी म्हणणार नाही. पण मास्तरांनी त्याच्याजवळ सरकण्याचे कोणतेही चिन्ह दाखवले नाही, आणि साहेब ते प्रत्येक दिवशी मोजीत होता.

गावची विहीर कार्तिकातच आटली. त्यानंतर पाणी राहिले ते पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीला. सगळे गाव तिथून पाणी नेई. साहेबही घागर घेऊन तिथे गेला. बायांनी त्याला शेंदू दिले नाही, पण मोठ्या अगत्याने स्वतः शेंदून त्याच्या घागरीत ओतले. “सायेब, घागर खाली ठिवा, सांडंल,” असे त्या म्हणत आणि तो खांद्यावर घागर घेऊन निघाला, की हसत. तो घरातला रांजण भरी. त्यातले थोडे तो उकळी आणि इनॅमलच्या किटलीत स्वतःसाठी ठेवी.

मास्तर रांजणाला हात लावीत नसत. ते पहाटे कळशी घेऊन नदीत जात. कोरड्या पात्रात गावकुसाबाहेरच्या लोकांनी वाळूत झिरे खणलेले असत. हात-दीड हात खाली गेले, की तळाशी ओल येई, मग पाणी पाझरे. ते करवंटीने भरून घ्यायचे, पुन्हा पाझरण्याची वाट पाहायची. एक कळशी भरायला तास-दीड तास लागे.

“मास्तर, रांजण भरलेला आहे,” साहेब म्हणे.

“ब्येस झालं. तुमाला लागतंय.”

“आपण ते का पीत नाही?”

“मला नदीचंच पानी मानवतं. आन् तुमी ते उकळता, म्हंजे मेलेलं पानी.”

दुसऱ्या दिवसापासून साहेबाने न उकळलेल्या पाण्याचा एक तांब्या झाकून मास्तरांच्या अंथरुणापाशी ठेवायला सुरुवात केली. तो सकाळी तसाच असे.

अशा रीतीने त्या तीन खणांत तीन ठिकाणचे पाणी होते. परक्या माणसाला प्रकृतीचे कारण, मला आचाराचे, मास्तरांना सवयीचे. साहेबाची समजूत अशी होती, आणि ती चुकीची होती. आपल्या देशातील अस्पृश्यतेविषयी त्याने पुस्तकांतून वाचले होते. परंतु ज्याला सगळे गाव मास्तर म्हणते, ज्याचे भजन पाटीलही ऐकतात, त्याला मळ्यातल्या विहिरीवर दोर सोडता येत नाही, हे त्याच्या मनात कधी आले नाही. मला ते ठाऊक होते. नदीपलीकडे मी पहिल्यांदा गेलो त्या दिवसापासून ठाऊक होते.

एका सकाळी पाठ अर्धा झाला असता त्याने वही मिटली. मास्तर बाहेर शेळी सोडायला गेले होते.

“मी आणलेले पाणी ते पीत नाहीत,” तो म्हणाला. “इतके वय झाले, तरी रोज नदीवर जातात. मी त्यांचा काय अपराध केला आहे?”

मी म्हणालो, “वृद्ध माणसांच्या सवयी असतात. पुढे वाचा.”

तो पुढे वाचू लागला. मी त्याला भाषा शिकविण्यास बांधलेला आहे, गावचे व्यवहार शिकविण्यास नाही, असे मी मनाशी म्हटले. त्या व्यवहाराचे स्पष्टीकरण देताना माझ्या तांब्याचेही द्यावे लागेल, हे मी मनाशी म्हटले नाही. पण ते होतेच.

फाल्गुन लागला. एके दुपारी मास्तर आमच्या शाळेत आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी आत बोलावले, तर म्हणाले, “इथंच गार हाय.” त्यांना नगरच्या वडील पाद्रींना पत्र लिहून हवे होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असल्याने त्यांना बारीक लिहिणे जमत नसे. मी कागद घेतला. त्यांनी सांगितलेला मजकूर असा होता, की साहेब माणूस सज्जन आहे, त्याच्याविरुद्ध काही म्हणणे नाही. परंतु माझे वय झाले आहे, त्याला दुसऱ्या ठिकाणी नेमावे.

लिहून झाल्यावर मी विचारले, “मास्तर, तुमच्या पत्रामुळे तो परत जाईल, हे तुम्ही जाणता.”

“जानतो.”

“मग पाण्याचे कारण तुम्ही त्याला सांगत का नाही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “माझी आय त्या मळ्यातल्या विहिरीपाशी रिकामी घागर घिऊन उन्हात बसायची, शास्त्रीबुवा. कुनी वरून ओतलं तर ओतलं. माझा हात जिथं चालत न्हाई, तिथलं पानी माझ्या घशाखाली उतरत न्हाई. आता ह्ये त्याला सांगितलं, तर त्यो काय करंल?”

मी लेखणीचे टोपण लावले.

“भांडाया जाईल. कोकनात गेल्ता तसाच. माझ्या नावानं पाटलाच्या दारात हुभा ऱ्हाईल. पेपरात लिवील. आन् चार वरसांनी जाईल त्याच्या देशाला. मला हितंच मरायचं हाय.” ते उठले. “रोज उशाला तांब्या भरून ठिवतो. लई जीव लावतो. तेच सोसना. तुमी त्याला सांगू नका. पत्र तेवढं आज टाका.”

मी ‘टाकतो’ म्हटले. पोस्ट शाळेच्या समोर होते. मी ते पत्र पिशवीत ठेवले आणि दोन दिवस पिशवीतच राहू दिले. वचन देऊन ते न पाळण्याचे असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत, म्हणून हा लक्षात आहे.

तिसऱ्या सकाळी मास्तर शेजारच्या वस्तीवर एका आजाऱ्याला पाहायला गेले होते. मी साहेबाला वही बाजूला ठेवण्यास सांगितले आणि पाण्याचे कारण, मास्तरांच्या आईसह, साध्या वाक्यांत सांगितले. पत्राविषयी सांगितले नाही.

तो उठला. वाकायला विसरून दाराच्या चौकटीवर आदळला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. मी मागे गेलो. त्याचे तोंड मळ्याच्या दिशेला होते.

“मी पाटलांकडे गेलो तर?” त्याने विचारले.

“तर तुम्ही कोकणातच आहात असे समजा. मास्तरांना भांडण नको आहे.”

तो ओट्यावर येऊन बसला. “आपणास हे केव्हापासून माहीत होते?”

“प्रथमपासून.”

“आणि आपला तांब्या?”

“तो माझा आचार आहे.”

त्याने वाद घातला असता, तर माझ्याजवळ उत्तर तयार होते. त्याने घातला नाही. तो रांजणाकडे पाहत होता. रांजण काठोकाठ भरला होता. अशा वर्षात पाणी ओतून देणे पाप, मास्तर ते पिणार नाहीत, आणि आता त्यालाही ते प्यायचे नव्हते. शेवटी त्याने घमेले भरून शेळीपुढे ठेवले. पुढचे आठ-दहा दिवस त्या रांजणातले पाणी शेळीच प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा घराला कडी होती. मी नदीकडे गेलो. साहेब पात्राच्या मध्यावर फावड्याने वाळू उपसत होता. खड्डा त्याने चांगला ऐसपैस घेतला होता आणि कडा सारख्या आत ढासळत होत्या. दहा हातांवर मास्तर आपल्या झिऱ्यापाशी उकिडवे बसून पाहत होते. वस्तीतल्या चारपाच बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

“सायेब,” मास्तर म्हणाले, “पानी काढताय का कबर?”

“पाणी लागत नाही.”

“लागलंय की. तुमीच बुजवताय. तोंड निमुळतं घ्या. आन् हात जरा थांबवा, पाझरू द्या.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आज मळ्यात न्हाई गेला?”

“नाही. मला नदीचेच पाणी मानवते.”

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. “शास्त्रीबुवांनी नवा धडा घेतल्याला दिसतो.” मग साहेबाला म्हणाले, “पाटलाकडं गेल्ता?”

“नाही.”

“जानार?”

“आपण सांगाल तर.”

“मी न्हाई सांगनार.”

“मग जाणार नाही.”

यानंतर त्यांनी फावडे बाजूला ठेवायला लावले, हाताने वाळू सारून नवा झिरा धरून दिला, आणि दोघे त्याच्या दोन बाजूंना बसून राहिले. पाणी पाझरायला वेळ लागत होता. त्या वेळात ते काय बोलले, ते मला सगळे ऐकू आले नाही. आवाज खाली आले होते आणि मी काठावर होतो. मास्तर बोलत होते आणि साहेब ऐकत होता, एवढे दिसले. पाणी आल्यावर मास्तरांनी करवंटी भरली, आधी स्वतः प्यायले, मग भरून त्याला दिली. तो प्यायला. मला त्यांनी विचारले नाही. विचारले असते, तर मी नको म्हटले असते, आणि ते त्यांना ठाऊक होते.

ते कच्चे पाणी साहेबाला बाधले. चार दिवस तो अंथरुणाला खिळला होता. त्या चार दिवसांत नदीचे पाणी आणून ते किटलीत उकळण्याचे काम मास्तरांनी केले. “पानी मारायला बी शिकलो,” असे ते चुलीपाशी बसून म्हणाले.

साहेब झोपला आहे असे पाहून मी पत्र काढले. “मास्तर, हे मी टाकलेले नाही.”

त्यांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केले. “त्या दिवशी टाकतो म्हनला व्हता.”

“म्हटले होते.”

“सांगू नका म्हनलो, ते सांगितलंत. टाका म्हनलो, ते ठिवून घेतलंत. शिकल्याल्या मान्साला किती येळा सांगायचं?”

त्यांनी पत्र फाडले नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. ते पुढे धाडणार की नाही, हे त्यांनी तीन आठवडे कोणाला कळू दिले नाही. साहेब बरा झाला, रोज पहाटे त्यांच्याबरोबर नदीवर जाऊ लागला. पण मुदत संपत आली होती आणि पाठाला बसला, की तो एकेक ओळ दोनदोनदा वाचे. पहिल्या पत्राची त्याला कल्पना नव्हती. तरी मास्तरांचा हात कोटाकडे गेला, की त्याचे लक्ष तिकडे जाई. कदाचित माझेच जात असेल आणि तो माझ्याकडे पाहत असेल.

चैत्रातल्या एका सकाळी मास्तर आमच्या पाठात येऊन बसले. “सायेब, वहीतला कागद फाडा. नगरला पत्र लिवायचं हाय.”

“मी लिहू? माझ्याविषयीचे पत्र?”

“तुमीच लिवा. शास्त्रीबुवांच्या हातात दिल्यालं पत्र पोचत न्हाई.”

साहेब प्रश्नार्थक मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला. मी खाली पाहिले. मास्तर सांगू लागले आणि तो लिहू लागला. ह्या मान्साला भाकरी मोडता येत न्हाई. झाडता येत न्हाई. टाळ मागं पडतो. चालताना धापा टाकतो. साहेबाचा चेहरा उतरत चालला, पण लेखणी थांबली नाही. एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले ते मी बोटाने दाखवले आणि त्याने दुरुस्त केले.

“झिरा आता बरा धरतो,” मास्तर म्हणाले. “न सांगता भांडाया जात न्हाई. ऱ्हाऊ द्यावा.”

लेखणी तिथे थांबली.

“लिवा की,” मास्तर म्हणाले. “का जायाचं हाय?”

त्याने ते लिहिले. मास्तरांनी कागद डोळ्यांशी नेऊन आपली मोठी, थरथरती सही केली आणि शेळी सोडायला बाहेर गेले. मी आसन गुंडाळले. माझी शाळेची वेळ झाली होती. अंगणात सायकल काढताना मी साहेबाला म्हणालो, “मी त्याच वाटेने जातो आहे. पोस्टात टाकतो.”

त्याला बहुधा मास्तरांनी सगळे सांगितले असावे, किंवा मास्तरांच्या त्या एका वाक्यावरून त्याने ते ओळखले असावे. त्याने पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि खिशाचे बटण लावले.

“क्षमा करा, गुरुजी,” तो म्हणाला, आणि मास्तरांच्या तोकड्या चपला पायात सरकवून फरशीच्या दिशेने चालू लागला.